हे कोणी सांगितले?

दिवाळी अंकांतून कादंबरीची चिकित्सा होते, नाटकाची होते, सिनेमाची तर होतेच होते. एखाद्या कवीची एक मात्रा चुकली तरी तिचा पंचनामा करायला आपल्याकडे चार जाणकार बाह्या सरसावून पुढे येतात. परंतु ज्या एका प्रकाराने आपल्या घरातल्या लहानथोरांच्या मनात इतिहासाची आणि समाजाची चित्रे पक्की करून ठेवली, त्याची कोणी कसून परीक्षा केल्याचे फारसे वाचनात येत नाही. रेडिओवर त्याला ‘रूपक’ म्हणत, चित्रपटगृहात तो ‘अनुबोधपट’ म्हणून आला आणि दूरदर्शनवर त्याचा ‘माहितीपट’ झाला. नावे तीन, पण प्रतिज्ञा एकच : आम्ही जे सांगतो आहोत ते खरे आहे.

ही प्रतिज्ञा साधी नाही. मी कादंबऱ्या लिहितो. कादंबरीकाराला खोटे बोलण्याचा परवाना असतो आणि तो मुखपृष्ठावरच छापलेला असतो. वाचक तो वाचूनच आत शिरतो, त्यामुळे फसवणुकीचा प्रश्न येत नाही. माहितीपटाचे तसे नव्हे. तेथे प्रेक्षक शंका उंबऱ्याबाहेर ठेवून बसतो. म्हणूनच कादंबरीतला दोष फार तर रसभंग करतो, माहितीपटातला दोष मात्र ज्ञानाच्या नावाने घरात राहायला येतो आणि पुढे त्याला बाहेर काढणे महाकठीण होऊन बसते. शाळामास्तराला ह्याचा अनुभव रोज येतो. वर्गात एखाद्या गोष्टीबद्दल शंका काढली की चटकन उत्तर येते, ‘पण गुरुजी, तसं दाखवलं होतं!’ पूर्वी ‘छापून आलंय’ हा शेवटचा पुरावा असे, आता ‘दाखवलंय’ हा झाला आहे.

ह्या प्रकाराशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, ह्यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचा सामना कॅमेऱ्याने टिपला. १९०१ साली रँग्लर परांजपे विलायतेहून परतले तेव्हा त्यांच्या स्वागताचेही त्यांनी चित्रण केले. राजा हरिश्चंद्र पडद्यावर यायला अजून बारा वर्षे अवकाश होता. म्हणजे आपल्याकडे पडद्यावर आधी खरी माणसे आली, देव आणि राजे मागाहून आले. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले आणि मुख्य चित्रपटाआधी अनुबोधपट दाखविण्याची रीत चित्रपटगृहांना बांधून दिली गेली. (ती संस्था आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली आहे.) पुष्कळ प्रेक्षक ती वेळ शेंगदाणे आणण्यात घालवीत, तरीही धरणे, लेणी, विणकर आणि आदिवासींची नृत्ये ह्यांचे पहिले दर्शन कित्येकांना तेथेच घडले. त्याच वर्षी नागपूरला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले आणि १९५३ साली पुण्याला. मुंबईचे दूरदर्शन आले १९७२ च्या गांधीजयंतीला. रेडिओ आधी, दूरदर्शन नंतर. परंतु कानामागून आली अन् तिखट झाली म्हणतात, तसे डोळ्याने कानाला मागे सारले.

आता अशा लेखनाची, म्हणजे अशा ‘दाखविण्याची’, परीक्षा कोणत्या कसोटीने करावी? परदेशातल्या शास्त्राकडे धाव घेण्याआधी आपल्या वऱ्हाडात पाहावे असे मला वाटते. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूर येथे, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभटाने श्रीचक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या आणि त्यांतून ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ म्हणून आपण त्याला नमस्कार करतो आणि पुढे जातो. पण त्याची कामाची पद्धत पाहा. ज्याने पाहिले आणि ज्याने ऐकले, त्याच्याकडे म्हाइंभट स्वतः गेला. मिळालेली आठवण त्याने नागदेवाचार्यांपुढे ठेवून पडताळून घेतली. पुढे मूळ पोथी हरवली, आणि अनुयायांनी स्मरणातून ती पुन्हा उभी केली तेव्हा एकाच लीळेचे वेगवेगळे पाठ निघाले. त्या वेळी त्यांनी काय केले? एक पाठ ठेवून बाकीचे पुसून टाकले नाहीत. कोणाचा पाठ कोणता, हे नावानिशी नोंदवून ठेवले. श्रद्धा अढळ असूनही नोंद चोख ठेवता येते, याचा इतका जुना दाखला आपल्या दारात आहे. त्या रिद्धपुरात आता मराठी भाषेचे विद्यापीठ आले आहे, हे योग्यच झाले.

तेव्हा माझी कसोटी म्हाइंभटाची. रूपक असो, अनुबोधपट असो वा माहितीपट, त्याला तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी सांगितले? त्याने ते पाहिले होते की ऐकले होते? आणि दुसऱ्या कोणी वेगळे सांगितले असेल, तर ते कोठे आहे?

ह्या कसोटीवर रेडिओला आधी उभे करू. रेडिओचा मोठा गुण असा की तो दिखाऊपणा करूच शकत नाही. त्याच्यापाशी आवाजाखेरीज काही नाही, आणि माणसाच्या आवाजात त्याचे गाव, त्याचे वय आणि त्याचे दुःख बरेचसे उतरलेले असते. परंतु ह्याच गुणाचा रेडिओने अनेकदा अव्हेर केला. पुष्कळ रूपकांतून निवेदक शुद्ध, गुळगुळीत मराठी बोले आणि शेतकऱ्याचे बोल मात्र एखादा नट नाटकी ग्रामीण ढंगात म्हणून दाखवी. ‘लई’ आणि ‘म्या’ पेरले की खेडे उभे राहते, अशी एक समजूत होती. तो आवाज ना वऱ्हाडचा असे, ना खानदेशचा, ना कोकणचा. तो स्टुडिओतल्या खेड्याचा आवाज असे. म्हाइंभटाचा पहिला प्रश्न विचारला की अशी रूपके गप्प होतात.

तथापि ह्याच रेडिओने १९५६ साली पुणे केंद्रावर एक असा प्रयोग केला की त्याची आठवण आजही उमेद देते. युनेस्कोच्या साहाय्याने शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन करण्यात आली. मूळ कल्पना कॅनडातली, पण माती आपली. महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे खेडी निवडली गेली. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, असे वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक खेड्यात वीसेक माणसे रेडिओभोवती जमत, अर्धा तास ऐकत, मग आपसांत चर्चा करीत, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे परत जात. ऐका, चर्चा करा, कामाला लागा, असे त्याचे सूत्र होते. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ ह्यांनी त्याची पाहणी केली. जेथे अशी मंडळे होती त्या खेड्यांतली माहितीची वाढ मंडळे नसलेल्या खेड्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक आढळली, आणि १९५९ पासून ही योजना देशभर पसरविण्यात आली.

मला ह्यात महत्त्वाचे वाटते ते शेतीविषयीच्या माहितीहूनही दुसरेच काही. रेडिओला येथे प्रथमच कान फुटले. तोपर्यंत तो तोंडच होता. ज्याला सांगायचे तो उलट विचारू लागला की सांगणाऱ्याची भाषा आपोआप सरळ होते, आणि त्याला मोघम बोलता येत नाही. पंगतीत वाढणाऱ्याला जेवणारा ‘मीठ कमी आहे’ म्हणू शकतो, म्हणून स्वयंपाक सुधारतो. माहिती देणाऱ्या कार्यक्रमांची पुढची बरीचशी दुर्दशा ही की ते पुन्हा नुसते तोंड झाले.

दूरदर्शनचा मोठा ग्रामीण प्रयोग १९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्याने झाला, तो सहा राज्यांतल्या सुमारे चोवीसशे खेड्यांत. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. आपल्या घरांत माहितीपट खऱ्या अर्थाने रुजला तो त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत, आणि त्यात दोन मालिकांचा वाटा मोठा. एक ‘भारत एक खोज’ आणि दुसरी ‘सुरभि’.

श्याम बेनेगल ह्यांची ‘भारत एक खोज’ १९८८-८९ साली त्रेपन्न भागांत दाखविली गेली. तिच्यात नट आहेत, पोशाख आहेत, लढाया आहेत. मग तिला माहितीपटांच्या पंक्तीला का बसवावे? कारण ती आपला सांगणारा लपवीत नाही. रोशन सेठ नेहरूंच्या वेषात समोर येतात तेव्हा आपल्याला सारखे बजावले जाते की, हा एका माणसाने तुरुंगात बसून लिहिलेला देशाचा अर्थ आहे. हा इतिहास आहे, पण कोणाच्या तरी नजरेतून पाहिलेला. ज्या नासदीय सूक्ताने मालिकेचा आरंभ होतो, ते सूक्तही उत्तरांचे नाही, प्रश्नांचे आहे. सृष्टीच्या आरंभी काय होते ते कोणाला ठाऊक, असे विचारणाऱ्या सूक्ताने इतिहासाची मालिका सुरू करणे ही केवळ सजावट मानता येणार नाही. ती सांगणाऱ्याची नम्रता आहे. आणखी एक. ज्या सदाशिव अमरापूरकरांना लोक पडद्यावरचा खलनायक म्हणून ओळखत होते, त्यांना ह्या मालिकेने महात्मा फुले म्हणून उभे केले. देशभरच्या घरांत पुण्याच्या जोतीरावांचा असा परिचय करून देणे हे त्या काळी लहान काम नव्हते. मालिकेत दोषही आहेत. ठरावीक नटमंडळी पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या शतकांत भेटत राहतात आणि काही भाग शाळेच्या संमेलनासारखे वाटतात. पण तिने ‘हेच घडले’ असे दटावून सांगितले नाही, हे तिचे यश कोणीही मान्य करील.

‘सुरभि’ १९९० पासून २००१ पर्यंत चालली. सिद्धार्थ काक आणि आपल्या रेणुका शहाणे ह्यांनी देशाच्या कानाकोपऱ्यांतल्या कला, सण, कारागीर आणि खाद्यपदार्थ घरात आणले. प्रश्न विचारायचा आणि पत्रांनी उत्तरे मागवायची ह्या तिच्या पद्धतीमुळे पोस्टकार्डांचा इतका महापूर लोटला की टपाल खात्याने स्पर्धांसाठी निराळे, महाग पोस्टकार्ड काढले. लोकांना ऐकण्याइतकीच बोलण्याचीही हौस असते, हे ह्यावरून दिसते. पण ‘सुरभि’चा वारसा जपताना पुढच्यांनी तिच्यातला हलका भाग तेवढा उचलला. पाच मिनिटांत एक कारागीर, चार मिनिटांत एक मंदिर, तीन मिनिटांत एक सण. सगळे सुंदर, सगळे हसतमुख. कारागिराच्या हातातली कला दिसते, त्याच्या हातात दिवसाअखेर काय पडते ते दिसत नाही. संस्कृती म्हणजे फराळाचे ताट, असे समजून चालल्यासारखे वाटते. ताट हवेच, आजच्या सणाला तर हवेच. पण चुलीपाशी कोण बसले होते तेही एकदा दाखवा.

दुसरा दोष त्याहून मोठा आहे. तो म्हणजे सोपी गोष्ट मिळाली की खरी गोष्ट सोडून देणे. अजिंठ्याचेच पाहा. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक माहितीपटांत अजिंठा सुरू होतो तो १८१९ साली, जॉन स्मिथ ह्या इंग्रज अधिकाऱ्यापासून, आणि त्याच्या वाघाच्या शिकारीपासून. वाघ, जंगल आणि साहेब. दृश्य उत्तम जमते. पण सोळाव्या क्रमांकाच्या लेण्यात ज्याचा शिलालेख आहे तो वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेण ह्याचा मंत्री होता आणि हरिषेणाची शाखा वत्सगुल्माची, म्हणजे आमच्या वाशीमची, हे त्यांत क्वचितच सांगितले जाते. ही शाखा होती हेसुद्धा जगाला नीट कळले ते १९३९ साली वाशीमचा ताम्रपट उजेडात आला आणि य. खु. देशपांडे व वा. वि. मिराशी ह्यांनी तो वाचला तेव्हा. एका ताम्रपटावरून एक हरवलेले राजघराणे सापडावे आणि त्याचा धागा जगप्रसिद्ध चित्रांशी जुळावा, ह्यापेक्षा थरारक कथा कोणती? पण तिच्यात वाघ नाही. म्हणून वाशीमची मुले अजिंठ्याला सहलीला जातात आणि शिकारी साहेबाचे नाव पाठ करून घरी येतात.

आणि आता शिरपूर. महाराष्ट्रात शिरपुरे अनेक, म्हणून आमच्या गावाच्या नावाला ‘जैन’ जोडतात. येथल्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मूर्तीची ख्याती दूरवर आहे. ही मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी भाविकांची श्रद्धा. पूर्वी तिच्याखालून घोडेस्वार जाई, आता वस्त्र सरकते, असे सांगतात. एलिचपूरच्या राजाची आख्यायिकाही सांगतात. कॅमेरा आमच्या गावात येतो तो बहुधा एवढ्यासाठीच. मूर्तीखालून वस्त्र ओढले जाते, वाद्यांचा गजर वाढतो, निवेदकाचा आवाज खाली येतो, ‘विज्ञानालाही न उलगडलेले कोडे’ असे एक वाक्य येते आणि कार्यक्रम संपतो.

श्रद्धेची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. ती कोणी करूही नये. माझी तक्रार उलटी आहे. चमत्कार दाखविण्याच्या घाईत आमच्या गावाची कथाच दाखवायची राहून जाते. एका मूर्तीवर दिगंबर आणि श्वेतांबर अशा दोन्ही पंथांची भक्ती आहे. दोघांनी मिळून १९०५ साली वेळापत्रक आखले आणि पूजेचे तास वाटून घेतले. पुढे वाद वाढला, आणि खेड्यातल्या गाभाऱ्याचा तंटा १९२९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. त्यानंतर स्वतंत्र भारतात चारएक दशके दाराला कुलूप राहिले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ साली ते उघडले. त्या वेळी कॅमेरे पुन्हा आले. ह्या खेपेस चमत्कारासाठी नव्हे, भांडणासाठी. चमत्कार आणि भांडण, ह्या दोहोंच्या मधे गाव असते हे कोणाला सुचले नाही. त्याच देवळाच्या आसपास फुले, नारळ विकून पोट भरणारी माणसे आहेत. गावाबाहेर पवळीचे जुने दगडी मंदिर आहे. जानगीर महाराजांच्या संस्थानात महाशिवरात्रीला हजारोंच्या पंगती उठतात. एका देवापुढे दोन घड्याळे लावून राहणे म्हणजे काय, हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारले असते तर त्यांनी एखाद्या न्यायाधीशाला साजेल असे काही सांगितले असते.

कोणी म्हणेल, वादाच्या ठिकाणी माहितीपटाने काय करावे? एक बाजू घेतली तर दुसरी रागावणार. येथेच म्हाइंभटाची तिसरी कसोटी उपयोगी पडते. दोन पाठ असतील तर दोन्ही ठेवा, आणि कोणाचा कोणता ते सांगा. दिगंबर काय म्हणतात, श्वेतांबर काय म्हणतात, कागदपत्र काय म्हणतो आणि आख्यायिका काय म्हणते, ह्या चार गोष्टी चार वाटींत वेगळ्या वाढा. कालवून एकच भाजी केली की कोणालाच चव लागत नाही. ‘असे म्हणतात’ हे दोन शब्द आपल्या निवेदकांचे फार लाडके आहेत. परंतु ‘कोण म्हणतात?’ असे विचारताच त्यांची तारांबळ उडते.

हे अशक्य आहे असेही नाही. दोन उदाहरणे देतो. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्राच्या हजाराहून अधिक खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांतल्या पुष्कळ ध्वनिमुद्रित केल्या. पी. साईनाथ ह्यांच्या ‘पारी’ ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून त्या लोकांपुढे आणल्या. तेथे ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आहे, तिचे गाव आहे, आणि शक्य तेथे तिचा आवाज आहे. ‘लोकगीत’ म्हणून ज्याला आपण निनावी समजत आलो, त्याला धनीण मिळाली. मला वाटते, मराठी समाजावरचा इतका मोठा ध्वनिपट दुसरा नसेल. आणि त्यात निवेदक बहुतेक गप्प आहे.

दुसरे उदाहरण आनंद पटवर्धनांच्या ‘जय भीम कॉम्रेड’चे. १९९७ साली मुंबईच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. त्या दुःखात शाहीर विलास घोगरे ह्यांनी आपली जीवनयात्रा संपविली. त्या शाहिराच्या शोधात निघालेला हा चित्रपट चौदा वर्षांनी, २०११ साली पुरा झाला. दिग्दर्शकाची मते कोणाला पटोत वा न पटोत, पण एका विषयापाशी चौदा वर्षे बसणे हीच ह्या कलेतली तपश्चर्या आहे. तीन तासांहून लांब असलेला हा चित्रपट गाणाऱ्यांना पुरते गाऊ देतो आणि विरोधी मताच्या माणसांनाही बोलू देतो. तो पाहताना मन जड होते. सणासुदीला नको असेल तर कार्तिकी झाल्यावर पाहावा, पण पाहावा.

हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. गावोगावची मुले आपापल्या देवळाचे, किल्ल्याचे, जत्रेचे चित्रण करतात. ह्याला मी नाके मुरडीत नाही. सावेदादांनी जे एका यंत्राने केले ते आता हजारो हातांनी होत आहे. पण ही मुले कॅमेरा स्वतःचा वापरतात आणि आवाज मात्र उसना आणतात. तोच खर्जातला निवेदक, तेच ढोल, तेच ‘न उलगडलेले रहस्य’. स्वतःच्या आजीला ती विचारीत नाहीत, कारण आजीच्या बोलण्याला मागून वाद्ये वाजत नाहीत. माझ्या वर्गात मी गावाविषयी एक पान लिहायला सांगतो, त्याला एकच अट असते : प्रत्येक वाक्यापुढे ते कोणी सांगितले ते लिहायचे. पहिल्या खेपेला पाने लहान होतात, दुसऱ्या खेपेला खरी होऊ लागतात.

ह्या दिवाळीत घरोघरी पाहुणे जमतील, फराळ होईल आणि मग कोणीतरी पडदा उजळील. एखादा किल्ला, एखादे लेणे, एखादा सण समोर येईल. आनंदाने पाहा. मात्र निवेदकाने ‘असे म्हणतात’ म्हटले की घरातल्या लहानग्याला हळूच विचारा, ‘कोण म्हणतं रे?’ उत्तर पडद्यावर सापडले नाही, तर कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या आजोबांकडे पाहा. दिसते तसे नसते म्हणून जग फसते, ही म्हण त्यांनीच आपल्याला शिकविली आहे. पण जे त्यांनी स्वतः पाहिले, ते विचारायला त्यांच्याकडे अजून कोणी आलेले नाही.